शिकार शिजवण्याची विद्या

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. वीस-वीस प्रकरणांचे पाच भाग, अशी एकूण शंभर प्रकरणं त्यात आहेत आणि राजाने राज्य कसं मिळवावं इथपासून त्याने काय खावं, काय ऐकावं, कोणते खेळ खेळावेत इथपर्यंत सगळं त्यात आलेलं आहे. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, सोलापूर-लातूरच्या शेजारचंच गाव. मराठी वाचकाला हा ग्रंथ बहुधा दोन कारणांनी ठाऊक असतो. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओव्या गातात, हा जुना उल्लेख त्यात आहे. आणि मांडे, वडे, इडली यांचा इतिहास सांगायला बसलं की त्याच्या ‘अन्नभोग’ या प्रकरणाचा आधार घ्यावाच लागतो. त्याच प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग मात्र सहसा कुणी उघडून दाखवत नाही. रानडुकराची कातडी कशी साफ करावी, हरणाचं मांस कसं शिजवावं, कासव कसं भाजावं, शेतातला उंदीर कसा तळावा, हे तिथे सविस्तर सांगितलेलं आहे. भाजलेल्या कासवाची चव केळ्यासारखी लागते, इतका बारकावाही त्यात नोंदलेला आहे.

हे वाचून आजच्या माणसाला एकतर किळस येते किंवा कुतूहल वाटतं, आणि दोन्ही वेळा समजूत एकच असते: विचित्र प्राणी खाणं ही धाडसाची नाहीतर हौसेची बाब. मला ही समजूत चुकीची वाटते. जुन्या पाककृती नीट वाचल्या तर त्यांत धाडस कुठेच दिसत नाही, दिसते ती सावधगिरी. जनावर कुठे राहतं, काय खातं, किती पळतं, अंगावर चरबी किती धरतं आणि कसं मेलं, या प्रश्नांची उत्तरं ठाऊक असल्याशिवाय रानातलं मांस खाण्याजोगं होत नाही. शिकार शिजवण्याची विद्या म्हणजे मुळात त्या जनावराच्या जगण्याची माहिती. ही गोष्ट पटली की शिकारीच्या मांसाबद्दल आज घातले जाणारे बरेचसे वाद वेगळे दिसू लागतात.

रानडुकराचंच घ्या. त्याच्या अंगावर राठ, खोल रुतलेले केस असतात आणि कातडीखाली चरबीचा थर असतो. कातडी सोलून काढली तर केसांचा प्रश्न सुटतो, पण तिच्याबरोबर चरबीही जाते आणि खालचं मांस विस्तवावर कोरडं पडतं. म्हणून कातडी ठेवायची आणि केस काढायचे. मानसोल्लासात यासाठी दोन रीती दिल्या आहेत. एकीत डुकरावर पांढरं कापड पांघरून त्यावरून उकळतं पाणी ओतायचं, म्हणजे केस सुटून येतात. दुसरीत अंगाला माती लिंपून गवताच्या जाळावर धरायचं. कापड कशासाठी, हा प्रश्न इथे पडायला हवा. आजच्या कत्तलखान्यांत डुकराचे केस काढण्यासाठी पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. त्याहून फार गार असेल तर केसांची मुळं सैल होत नाहीत, फार कढत असेल तर कातडी शिजून आक्रसते आणि केस उलट घट्ट बसतात. नुसतं उकळतं पाणी ओतलं तर ते एका जागी भाजतं आणि दुसरीकडून ओघळून जातं. ओलं कापड ती आंच धरून ठेवतं, सगळीकडे सारखी पसरवतं आणि कातडीपर्यंत पोचेतो तिचा चटका कमी करतं. ग्रंथकाराने हे कारण दिलेलं नाही, पण रीत तयार करणाऱ्याच्या हाताला ते कळलेलं होतं, एवढं नक्की. माती लिंपण्यामागेही तोच हिशेब दिसतो: गवताची ज्वाळा झपकन भडकते, मातीचा लेप ती थेट कातडीला लागू देत नाही.

उंदराची कृती तर याहून बोलकी आहे. शेतात आणि नदीकाठी वाढलेले दणकट काळे उंदीर त्यासाठी सांगितले आहेत, घरात वावरणारे नव्हेत. उंदीर शेपटीला धरून कढत तेलात बुडवायचा, केस गळून गेले की गरम पाण्याने धुवायचा, पोट चिरून आतला भाग साफ करायचा आणि आवळा व मीठ घालून शिजवायचा. दुसऱ्या रीतीत तो लोखंडी सळईवर घेऊन लालभडक निखाऱ्यांवर वरची कातडी जळेपर्यंत भाजायचा आणि मग त्यावर मीठ, जिरं, सुंठ भुरभुरवायची. एवढ्याशा जनावराची कातडी सोलत बसलं तर हाती काहीच उरत नाही, म्हणून इथेही सोलणं टाळलेलं आहे. शेतातलाच उंदीर हवा ही अट सर्वांत महत्त्वाची. हंगामात तो धान्यावर वाढतो, भातखाचरातल्या बिळांत ओंब्यांचा साठा करतो. गावातला उंदीर गटारावर आणि उकिरड्यावर वाढतो. प्राणी तसा जवळपास सारखाच, पण त्याचं खाणं बदललं की तो ताटातून बाद होतो. रायगड-ठाण्याकडच्या कातकऱ्यांना हा फरक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भातकापणीनंतर खाचरातली बिळं खणून उंदीर पकडणं आणि त्यांनी साठवलेलं भात काढून घेणं, हा त्यांच्या उपजीविकेचा जुना भाग.

जनावराला त्याच्या जगण्यावरून ओळखण्याची ही पद्धत सोमेश्वराने शोधलेली नाही. त्याच्या कितीतरी आधी चरकसंहितेने मांसाचे आठ वर्ग पाडले होते, आणि त्या वर्गांचा पाया प्राण्याच्या रूपापेक्षा त्याच्या राहणीवर आहे. झडप घालून, ओरबाडून खाणारे ते प्रसह. बिळात राहणारे ते भूमिशय. पाणथळ जागी वावरणारे ते आनूप. पाण्यात राहणारे ते वारिशय. पाण्यावर फिरणारे ते वारिचर. कोरड्या माळावर चरणारे ते जांगल. पायांनी उकरून, विखरून खाणारे पक्षी ते विष्किर. चोचीने टोचून खाणारे ते प्रतुद. घोरपड आणि साळिंदर एकाच वर्गात पडतात, कारण दोघं बिळात राहतात. आजच्या प्राणिशास्त्राला हे वर्गीकरण चालणार नाही. एक सरपटणारा प्राणी, दुसरा सस्तन. पण स्वयंपाक्याच्या आणि वैद्याच्या दृष्टीने त्यात अर्थ आहे. ‘जांगल’ म्हणजे घनदाट अरण्य असं आपल्याला आज वाटतं, पण आयुर्वेदात तो शब्द उघड्या, कोरड्या, खुरट्या झाडांच्या मुलखासाठी आहे, म्हणजे काळविटाच्या आणि तित्तराच्या मुलखासाठी. फ्रेंच अभ्यासक फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८०च्या दशकात या विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं. जांगल प्राण्यांचं मांस हलकं आणि आनूप प्राण्यांचं जड, हे आयुर्वेदातलं मत. त्यातल्या औषधी दाव्यांवर विश्वास ठेवायची गरज नाही, पण त्यामागचं निरीक्षण खरं आहे: माळावर दिवसभर चरत-पळत राहणाऱ्या हरणाच्या अंगावर चरबी नसते आणि चिखलात लोळणाऱ्या डुकराच्या अंगावर असते.

हे निरीक्षण आजच्या भाषेत सांगता येतं. जो स्नायू सतत राबतो त्याला प्राणवायूचा साठा लागतो, आणि तो साठा धरणारं मायोग्लोबिन हे द्रव्य लाल रंगाचं असतं. म्हणून रानातल्या सशाचं मांस गडद तांबडं असतं आणि पिंजऱ्यात वाढवलेल्या सशाचं कोंबडीच्या छातीसारखं पांढुरकं. राबणाऱ्या स्नायूला बांधून ठेवायला कोलॅजन नावाचं चिवट प्रथिनही जास्त लागतं. जनावराचं वय वाढेल तसं ते अधिक घट्ट होतं. कोलॅजन विरघळून त्याचा मऊ, चिकट रस व्हायला ७० अंशांच्या पुढची आंच तासन्‌तास लागते. अडचण अशी की स्नायूतली बाकीची प्रथिनं ६० अंश ओलांडले की आक्रसू लागतात आणि पाणी बाहेर टाकतात. बोकडाच्या मटणात मधूनमधून चरबी असते, ती हा कोरडेपणा झाकते. हरणाच्या मांसात झाकायला काहीच नसतं. म्हणून त्याला दोनच वाटा उरतात: कोवळा भाग पटकन भाजून काढायचा, नाहीतर राबलेला भाग बाहेरून स्निग्धता देऊन मंद आंचेवर बराच वेळ शिजवायचा. मधली वाट नाही. राजस्थानातल्या शिकारी छावण्यांमधलं ‘जंगली मास’ तूप, मीठ, सुक्या मिरच्या आणि पाणी एवढ्यावरच होतं, असं सांगतात. त्यातलं तूप श्रीमंतीपोटी आलेलं नाही. जनावराच्या अंगात जे नाही ते भांड्यात घालणं, एवढाच त्याचा अर्थ. मिरची मात्र नंतरची. पोर्तुगीज येण्यापूर्वी तिच्या जागी मिरी असणार.

जनावर मेलं कसं, हा प्रश्न आज सर्वांत दुर्लक्षित आहे, कारण बाजारातून मटण आणणाऱ्याला तो पडतच नाही. जिवंत स्नायूत ग्लायकोजेन या रूपात साखरेचा साठा असतो. प्राणी शांतपणे मेला तर मृत्यूनंतर त्या साठ्याचं लॅक्टिक आम्ल बनतं, स्नायूचा सामू सुमारे ७वरून साडेपाचच्या आसपास उतरतो, आणि या आंबटपणामुळे मांस टिकतं, मऊ पडतं, चवीला चांगलं लागतं. मैलोन्‌मैल पिटाळून दमवून मारलेल्या जनावराचा साठा जिवंतपणीच संपलेला असतो. आम्ल बनायला काही उरत नाही, सामू ६च्या वर राहतो, मांस काळपट, घट्ट, कोरडं होतं आणि लवकर नासतं. मांस धंद्यात आज याला दोष मानतात आणि कत्तलीआधी जनावराला विश्रांती देतात. जुन्या शिकारीत दबा धरणं, पाणवठ्यावर वाट पाहणं, पाळीव हरीण सोडून रानटी हरणाला भुलवणं, असे जे प्रकार होते ते शिकार साधावी म्हणूनच होते. पण त्यांचा एक फायदा चुलीपर्यंत पोचत होता: जनावर न दमता, न घाबरता मरत होतं. मानसोल्लासात चित्त्याकरवी हरणांची शिकार करण्याचं वर्णन आहे, आणि भारतातला तो फार जुना लेखी पुरावा मानतात. डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा आणि कळपाच्या जवळ गेल्यावर सोडायचा, ही पद्धत कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकापर्यंत चालली. इथले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणून ती चालवली गेली. चित्त्याची धाव काही सेकंदांची असते. घोड्यावरून किंवा पुढे मोटारीतून केलेला पाठलाग लांबलचक असे, आणि मांसाच्या दृष्टीने तो वाईटच.

इथे एक आक्षेप हमखास येतो. शिकारीच्या मांसात एवढे मसाले घालत, ते नासलेल्या मांसाचा वास मारण्यासाठी, असं पुष्कळदा लिहिलेलं आढळतं. हे टिकत नाही. ज्याला हिंग, मिरी, सुंठ परवडत होती त्याला ताजं मांस सहज मिळत होतं. शिवाय नासलेल्या मांसातले जंतू आणि त्यांची विषं मसाल्याने निघत नाहीत, आणि सोमेश्वराच्या मुदपाकखान्यातल्या माणसांना हे अनुभवाने कळत असणार. मग मसाला कशासाठी? काही रानटी मांसाला ताजेपणीच उग्र वास असतो म्हणून. हा वास बहुतेक चरबीत असतो. न खच्ची केलेल्या बोकडाचा वास जसा विशिष्ट मेदाम्लांमुळे येतो, तसा वयात आलेल्या नर डुकराचा वास अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल या दोन द्रव्यांमुळे येतो. पहिलं नराच्या वृषणांत तयार होतं, दुसरं आतड्यातल्या जंतूंमुळे. दोन्ही चरबीत साठतात. म्हणजे वासावर खरा उपाय कोणतं जनावर मारायचं आणि कुठली चरबी काढून टाकायची, हे कळण्यात आहे. मसाला त्यानंतरचा. आंबटाचंही तेच. आवळा, दही, कोकम किंवा लिंबू मांसात फार खोल शिरत नाही, त्याचा परिणाम वरच्या पापुद्र्यापुरताच राहतो. पण तूपकट, जड रश्शाला ते तोल देतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा सगळा राजांचा चोचला होता, सामान्य माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, उंदराची कृतीच याचं उत्तर देते. राजवाड्यात बसून कुणी नदीकाठचा उंदीर ओळखायला शिकत नाही. ही माहिती बिळं खणणाऱ्यांकडून आली, फासे लावणाऱ्यांकडून आली, गळ टाकणाऱ्यांकडून आली. राजाने ती संस्कृत श्लोकांत बांधली. ज्यांची ती होती त्यांची नावं कुठेच नाहीत. पुढे इंग्रज अमलात हीच माणसं गुन्हेगार ठरली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी केली, आणि त्या यादीत पारधीही आले. तित्तर आणि लावे पकडण्यासाठी घोड्याच्या केसांचे फासे विणणारा फासेपारधी पोलिसांच्या हजेरीत अडकला, आणि त्याच माळावर साहेब बंदूक घेऊन शिकार करत राहिला, तिची पुस्तकं छापत राहिला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ही माणसं त्या यादीतून सुटली. वीस वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांचा पारंपरिक धंदाच बेकायदा झाला. २००६च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे पुष्कळ परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा आणि सापळे लावण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. तो वगळणं बरोबर होतं, असं मी मानतो. पण ज्याची विद्या आपण बंद केली त्याला दुसरा धंदा देणं हे राज्याचं कर्तव्य होतं, आणि ते नीट पार पडलेलं नाही.

वगळणं बरोबर का, हे सांगायला हवं. शिकारीवर मर्यादा घालण्याचा विचार परदेशातून आलेला नाही, तो आपल्याकडे फार जुना आहे. नालासोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, तिथे मृगया होई, आता त्यांच्या जागी धर्मयात्रा सुरू झाली, असा त्या लेखाचा विषय. पहिल्या शिलालेखात अशोक सांगतो की पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज असंख्य प्राणी मारले जात, आता फक्त दोन मोर आणि एक हरीण, आणि तेही हरीण नेहमी नाही. पुढे एका स्तंभलेखात तो अवध्य प्राण्यांची यादी देतो. तीत पोपट, मैना, वटवाघळं, कासवं, साळिंदर, खारी आहेत. जे कुणी मारतच नव्हतं त्यावर बंदी घालायची गरज सहसा पडत नाही. म्हणून ही यादी काही अंशी त्या काळच्या खाण्याचीही नोंद असावी.

आज मर्यादा अधिक कडक असण्याचं कारण प्राण्याच्या जगण्यातच आहे, आणि त्याच जुन्या विद्येने ते समजतं. शेतातल्या उंदराची मादी वर्षातून अनेक वेळा विते, एका वेळी अनेक पिल्लं देते. माळढोक पक्षीण बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर, जमिनीवर. माळढोक मोठा, पंधरा किलोपर्यंत भरणारा, मांसासाठी फार नावाजलेला. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं, तरी आज देशभरात दीडशेच्या आसपासच पक्षी उरले असतील. उंदराइतकी शिकार माळढोकाला सोसणं शक्यच नव्हतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरचे-शेतातले उंदीर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होते. म्हणजे सोमेश्वराच्या ताटातल्या रानटी जनावरांपैकी कायद्याची आडकाठी नसलेला प्राणी एकच उरला, आणि तो सर्वांत गरिबाचा.

अंडी भरपूर घालणारा प्राणी शिकारीने संपत नाही, असं मात्र समजू नये. गोव्यात पहिल्या पावसाबरोबर मोठे बेडूक बाहेर येतात. रात्री बत्तीच्या उजेडात त्यांना पकडून पायांचे तुकडे तळले जातात, आणि ‘जंपिंग चिकन’ या नावाने ते विकलेही जातात. बेडकी एका वेळी हजारो अंडी घालते हे खरं. पण बेडूक त्या रात्री बाहेर येतात ते अंडी घालायलाच. एरवी ते चिखलात दडलेले असतात, हाती लागत नाहीत. म्हणजे शिकाऱ्याची माहिती अचूक असते आणि तिचा वार नेमका पुढच्या पिढीवर पडतो. गावापुरतं खाणं होतं तोवर हे पचत होतं. पुढे भारतातून बेडकाचे पाय मोठ्या प्रमाणावर परदेशी जाऊ लागले, बेडूक घटले, शेतातल्या किडींची चिंता वाढली, आणि १९८७ साली सरकारला ही निर्यात बंद करावी लागली. शिकारीची माहिती बाजाराच्या हाती पडली की काय होतं, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही. घोरपडीचंही हेच झालं. सांधेदुखीवर तेल, ताकदीला मांस, अशा दाव्यांवर तिचा चोरटा धंदा चालतो. त्या दाव्यांना आधार नाही. तिला याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, आणि तिची शिकार केल्यास तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

यावर शेतकरी विचारेल, आणि रास्तपणे विचारेल, की रानडुकरांनी भुईमूग आणि ऊस उद्ध्वस्त केला तर आम्ही काय करायचं? डुकरं वाढली आहेत, मग ती मारून खाल्ली तर बिघडलं कुठे? नुकसान खरं आहे आणि भरपाई बऱ्याचदा उशिरा, अपुरी मिळते. कायद्यात वाट आहे: अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने पिकं उद्ध्वस्त करणारं जनावर मारता येतं. पण त्याच कायद्याच्या ३९व्या कलमाने मारलेलं किंवा मेलेलं सापडलेलं रानटी जनावर राज्य सरकारच्या मालकीचं असतं. रस्त्यावर गाडीखाली आलेलं हरीणसुद्धा. काहींना हे अतिरेकी वाटतं. मला ते शहाणपणाचं वाटतं, कारण मारलेल्या जनावराला बाजारभाव आला की पिकाचं रक्षण हा बहाणा होतो आणि तारेत वीज सोडणं हा धंदा होतो. त्या तारेला डुकराबरोबर वाघही चिकटतो आणि शेजारचा शेतकरीही. आरोग्याचा मुद्दा वेगळाच. पाळीव जनावराची तपासणी होऊ शकते, रानटी जनावराची कुणी करत नाही. रानडुकराच्या स्नायूंत ट्रिकिनेला नावाची सूक्ष्म कृमी असू शकते आणि अर्धकच्च्या मांसातून ती माणसात येते. जपानमध्ये २००३ साली हरणाचं कच्चं मांस खाल्लेल्यांना हिपॅटायटिस ई झाल्याची नोंद झाली. उंदीर साफ करणाऱ्या हातावर जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसची भीती आहे, आणि कोकणातल्या शेतकऱ्याला ती वेगळी सांगायला नको. निखाऱ्यांवर कातडी जळेपर्यंत भाजण्याची जुनी कृती पुन्हा वाचली की तिच्यातलं आणखी एक शहाणपण लक्षात येतं.

तर मग ही विद्या वाया गेली का? गेलेली नाही, कारण जनावर बदललं तरी ती चालते. कोडगूमध्ये रानडुकराची शिकार हा कोडवांचा अभिमान होता. आज त्यांची पंदी करी पाळीव डुकराचीच होते, पण काचमपुळीचा आंबट काळा अर्क आणि मंद आंच तीच आहे. राजस्थानात खड्ड्यात निखारे घालून पुरून भाजायचा ससा गेला, त्याच खड्ड्यात आता कोंबडी किंवा बकरा भाजतात. जपानी लाव्याची पैदास आपल्याकडे कित्येक वर्षं होते आहे. म्हाताऱ्या बकऱ्याच्या फऱ्याचा, देशी कोंबड्याचा, पायांचा आणि मुंडीचा स्वयंपाक ज्या घरात नीट होतो तिथे शिकारीची निम्मी विद्या जिवंत आहे. केस भाजून कातडी ठेवणं, पांढरा पापुद्रा सोडवून काढणं, वास धरणारी चरबी ओळखणं, कोलॅजनला वेळ देणं, हे सगळं तिथे रोज चालू असतं. हरवते आहे ती उरलेली निम्मी, म्हणजे जनावराच्या राहणीची माहिती: कुठल्या महिन्यात तित्तर कुठे बसतं, साळिंदर कुठल्या वाटेने येतं, बेडूक कधी जमिनीवर येतात. ती पारधी, कातकरी, ठाकर यांच्या म्हाताऱ्या माणसांकडे अजून आहे. पक्षी मोजायला, वणवा रोखायला, सापळे शोधून काढायला तिचा उपयोग होऊ शकतो. वनखात्याने आणि विद्यापीठांनी त्यांना मजुरीऐवजी जाणकाराचं मानधन देऊन ती लिहून घ्यावी, आणि लिहिताना या वेळी त्यांची नावं घालावीत. वाचकाने एवढंच करावं: ढाब्यावर कुणी आतल्या आवाजात रानडुक्कर, ससा, घोरपड किंवा पावसाळ्यात बेडूक देऊ केलं तर घेऊ नये, आणि महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.